हेलियम विजयदुर्गावर सापडला का? दोन ग्रहणांची सरमिसळ

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत भाचरांची फौज घेऊन विजयदुर्ग केला. तटावरून हिंडता हिंडता गाईडने आम्हाला दगडी ओट्यांपाशी नेलं आणि ठेवणीतला आवाज काढला. "हे साहेबाचे ओटे. १८६८ साली लॉकियर साहेबाने हितंच दुर्बीण लावली नि सूर्यावरचा हेलियम शोधला." पोरं एकदम गप्प. तेवढ्यात नववीतल्या भाच्याने मोबाईल काढला (त्याला तिथे रेंज कुठून मिळाली देव जाणे) आणि म्हणाला, "मावशी, त्या वर्षी लॉकियर लंडनमध्ये होता." गाईड बिचारा वरमला. मीही वरमले, कारण शाळेत असताना हीच गोष्ट निबंधात लिहून मी बाईंची शाबासकी मिळवली होती.

परत आल्यावर जमेल तसं वाचत बसले. हाती लागलं ते इथे टाकते.

१८ ऑगस्ट १८६८, मंगळवार. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागला, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा देश आडवा कापून बंगालच्या उपसागरात उतरला आणि पुढे सयामकडे (आजच्या थायलंडकडे) गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता हे खरंच. पण दुर्बिणी कुठे होत्या ते बघा. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू), विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल झान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला. विजयदुर्गावर यांच्यापैकी कोणीच नाही.

सूर्य पूर्ण झाकला की कडेने गुलाबी ज्वाळा डोकावतात. त्या चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, एवढं १८६०च्या ग्रहणातल्या फोटोंवरून ठरलं होतं. पण त्या कशाच्या? १८६८ला पहिल्यांदाच ग्रहणात त्यांच्यावर वर्णपटदर्शक (उजेड पसरवून त्यातले रंग सुटे दाखवणारं यंत्र) रोखले गेले. दिसल्या त्या सुट्या, झळझळीत रेषा. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या, आणि मुख्यतः हायड्रोजनच्या. त्यात एक पिवळी रेषाही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली आणि पुढे गेले.

झान्सेन गुंटूरमध्ये एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी मुक्कामाला होता. रेषा इतक्या ठळक पाहून त्याला तिथल्या तिथे वाटलं, या तर ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. त्या दिवशी नंतर आभाळ भरून आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, सूर्य उगवल्या उगवल्या त्याने सूर्याच्या कडेवर यंत्राची फट लावली आणि रेषा दिसल्या. ग्रहण नाही, काही नाही, लख्ख उन्हात! पुढचे सतरा दिवस तो रोज सौरज्वाळांचे नकाशे काढत होता.

इकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर हा युद्धखात्यातला कारकून. आकाशनिरीक्षण हा त्याचा छंद. त्यालाही दोन वर्षांपूर्वी हीच कल्पना सुचली होती, पण हवा तसा वर्णपटदर्शक कारागिराकडून वेळेत मिळेना. शिंप्याकडे टाकलेल्या ब्लाउजसारखी गत. अखेर १६ ऑक्टोबरला यंत्र हातात आलं आणि २० ऑक्टोबरला त्याला ज्वाळेच्या रेषा दिसल्या. गुंटूरची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. झान्सेनचं पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. फ्रान्सने पुढे एक पदक पाडलं, त्यावर दोघांचेही चेहरे एकामागे एक.

मग विजयदुर्ग कुठून आलं? तर लॉकियर तिथे खरंच आला होता. पण २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. म्हणजे तीस वर्षांनी. ओटे त्या मोहिमेचे. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती.

दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, मुलं जमतात, भाषणं होतात. ते चांगलंच आहे. पण तारीख एका ग्रहणाची नि माणूस दुसऱ्या ग्रहणाचा, हे खटकतं. जाणकारांनी भर घालावी.

कट्ट्यावरचा काका

वाचनखूण साठवली. लॉकियर आणि कारकुनीची जोडी आवडली. हाच माणूस पुढच्या वर्षी, १८६९मध्ये, 'नेचर' साप्ताहिक सुरू करतो आणि पन्नास वर्षं चालवतो. आमच्या हापिसात आम्ही डबे सुरू केले होते, तेही बंद पडले.

देवगडचो हापूस

माका एक सांगा. आमी ल्हान आसताना मास्तर दर वर्साक ओट्यार घेवन जायत आनि हीच गजाल सांगीत. आता तुमी म्हणतास साहेब इलोच नाय. मगे ओटे काय भुतांनी बांदल्यानी?

खाडीपलीकडची

भुतांनी नाही हो, साहेबानेच बांधले. आला होता असंच म्हणतेय मी, फक्त १८९८ला. तुमचे ओटे कोणी पळवत नाहीये.

रसायनबाई

रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. दोन गोष्टी उलगडून सांगते, नाहीतर नुसती नावं नि तारखा होतील.

पहिली, ती पिवळी रेषा. स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका. ज्योत भसकन पिवळी होते. तो सोडियमचा पिवळा. वर्णपटात तो दोन चिकटलेल्या रेषांचा दिसतो, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. या रेषांना 'डी' म्हणतात, डी-१ आणि डी-२. सौरज्वाळेतली रेषा आहे ५८७.६वर. फरक किती? दीड-दोन नॅनोमीटर. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत, हात थरथरत असताना, तात्पुरत्या मांडवाखाली उभं राहून हा फरक ओळखायचा. बहुतेकांनी सोडियम म्हटलं यात त्यांचा दोष नाही. जमखंडीला हर्शेलला तर ढगांनी छळलं. मधूनमधून फट मिळाली तेवढ्यात त्याने तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा पाहिल्या आणि नारिंगी ती 'डी' असं नोंदवलं. पॉग्सनने मात्र ती नेमकी 'डी'लाच जुळते का याबद्दल शंका ठेवली. पण त्याचा अहवाल मद्रासच्या सरकारी छपाईतच राहिला, युरोपात कोणी फारसा वाचला नाही.

दुसरी गोष्ट, झान्सेनची युक्ती. ग्रहण नसताना सौरज्वाळा का दिसत नाहीत? सूर्याभोवतीचं आकाशच इतकं झगझगीत असतं की त्यात त्या बुडून जातात. आता असं बघा. मूठभर रांगोळी अंगणभर उधळली तर कुठे गेली कळणार नाही. चिमटीभर रांगोळी एका रेषेत ओढली तर रस्त्यावरून दिसते. वर्णपटदर्शक आकाशाच्या उजेडाला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरवतो, म्हणून तो फिका पडतो. ज्वाळेचा उजेड मात्र मुळातच तीन-चार रेषांत गोळा झालेला असतो, तो पसरत नाही. प्रिझम वाढवत गेलं की आकाश आणखी फिकं, रेषा तशीच ठळक. झान्सेन काय नि लॉकियर काय, दोघांनीही हेच केलं.

आणि म्हणून माझं धागाकर्तीशीही थोडं भांडण आहे. 'विजयदुर्ग' खोडून 'गुंटूर' लिहिलं की झालं, असं नाही. झान्सेनने गुंटूरला हेलियम शोधला नाही. त्याने शोधली ती पद्धत. पिवळ्या रेषेबद्दल नवं असं तो काहीच म्हणत नव्हता.

खाडीपलीकडची

बाई, मान्य. मी धाग्यात 'झान्सेनने हेलियम शोधला' असं लिहिलं नाही, पण मनात तेच होतं खरं. मग रेषा वेगळी आहे हे ठरलं कधी?

रसायनबाई

लंडनमध्ये, त्याच हिवाळ्यात. लॉकियरकडे आता ग्रहणाची घाई नव्हती. सूर्य उगवेल त्या दिवशी (लंडनमध्ये तोही रोज नाही म्हणा) सावकाश मोजता येत होतं. नोव्हेंबरपर्यंत त्याने पक्कं केलं की रेषा 'डी'वर नाही, निळ्याच्या बाजूला सरकलेली आहे. तिला डी-३ म्हणू लागले. मग रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने हायड्रोजनवर दाब कमी-जास्त करून, तापवून, नाना प्रयोग केले. ती रेषा काही निघेना. ग्रीकमधल्या सूर्यावरून, हेलिऑसवरून, हेलियम हे नाव आलं. १८७१ला ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) ते जाहीरपणे घेतलं.

नावाच्या शेवटचं 'इयम' बघा. सोडियम, कॅल्शियम तसं. हा धातू असणार असा अंदाज होता. निष्क्रिय वायू निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन यांची शेपटं 'ऑन'ची. हेलियम हा एकटाच चुकीच्या आडनावाने वर्गात बसलेला मुलगा.

पेठेतला पोपट

कोणी पाहिलेला नाही, हुंगलेला नाही, बाटलीत भरलेला नाही, आणि म्हणे मूलद्रव्य. त्या काळच्या रसायनवाल्यांनी हसून सोडलं असेल.

अवांतर: पंधरा प्रतिसाद व्हायच्या आत कोणीतरी वेदांत हेलियम आणेल असं वाटलं होतं. अजून आला नाही. धाग्याचा दर्जा घसरतोय.

रसायनबाई

बरेचजण हसले हो, आणि त्यांचंही काही अगदीच चुकत नव्हतं. त्या काळात सूर्यावर, ताऱ्यांत, तेजोमेघांत (अवकाशातल्या वायूच्या ढगांत) ओळख न पटलेली रेषा दिसली की नवं मूलद्रव्य जाहीर करायची साथ आली होती. १८६९च्या ग्रहणात प्रभामंडलात (खग्रासच्या वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या फिक्या तेजोवलयात) हिरवी रेषा दिसली, तिला कोरोनियम नाव दिलं. सत्तर वर्षांनी कळलं की ते प्रचंड तापून इलेक्ट्रॉन गमावलेलं साधं लोखंड आहे. तेजोमेघातलं नेब्युलियम तसंच, तो निघाला ऑक्सिजन. हेलियम खरा ठरला म्हणून लॉकियर द्रष्टा. कोरोनियम खोटं ठरलं, त्या मंडळींची नावं आपल्याला पाठ नाहीत. युक्तिवाद मात्र दोन्हीकडे तोच होता.

अर्धी भाकर

मी थोडं वेगळं बघायला गेलो आणि सयामला पोचलो. तिथला राजा मोंगकुट, स्वतः ग्रहगणिताचा जाणकार. या ग्रहणाचं गणित त्याने स्वतः केलं, खग्रास कुठून दिसेल ती जागा काढली आणि दक्षिणेच्या जंगलात, समुद्रकाठी वाको नावाच्या ठिकाणी छावणी उभारली. फ्रेंच शास्त्रज्ञांचा तळही जवळच पडला होता. सिंगापूरचा इंग्रज गव्हर्नर पाहुणा म्हणून आला. ग्रहण राजाच्या गणिताप्रमाणे लागलं. पण त्या दलदलीत हिवतापाने गाठलं, राजा बँकॉकला परतला आणि १ ऑक्टोबर १८६८ला गेला. लॉकियरला रेषा दिसल्या त्याच्या तीन आठवडे आधी.

हे वाचल्यापासून मला पॅरिसच्या पदकापेक्षा हा राजाच जास्त आठवतो.

जेऊर जंक्शन

हँडलवरून कळलं असेलच मी कुठला. (जेऊर जंक्शन नाही, साधं स्टेशन आहे, हे माहीत आहे. हौस आहे.) १८९८चा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण विजयदुर्गाच्या नादात आमच्या गावाला कोणी विचारत नाही.

२२ जानेवारी १८९८चा पट्टा विजयदुर्गावरून शिरला तो सोलापूर भागातून वऱ्हाडाकडे तिरका गेला. रेल्वे होती, जानेवारीचं कोरडं आभाळ होतं, म्हणून जगभरची मंडळी उतरली. आमच्या जेऊरला दोन तळ. एक अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलचा. दुसरा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली तख्तसिंहजी वेधशाळा तेच चालवत. म्हणजे गोऱ्या साहेबांच्या शेजारी आपला माणूस, आपली यंत्रं घेऊन, स्वतःचे वेध घेत होता. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलं होतं तो काळ. त्यात हे सगळं सामान खोक्यांतून स्टेशनवर उतरवलं जात होतं.

माझे आजोबा म्हणायचे, त्यांच्या वडलांनी 'भर दुपारी कोंबडी खुराड्यात शिरली' ते पाहिलं होतं. ग्रहणाच्या प्रत्येक गोष्टीत ही कोंबडी असते. तरी आमची खरी असेल असं मानतो.

वऱ्हाडी ठेचा

जेऊरवाले, पुढं या न आमच्याकडं! पुलगावजवळचं तळणी. नागपूर लाईनवर गाडी थांबली त थांबली, नाही त नाही. तिथं ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ होता. त्यात ॲनी माँडर. ही बाई ग्रीनिचच्या वेधशाळेत गणक होती. १८९५ साली लग्न झालं, त नियमानं नोकरी सोडा लागली. पण ग्रहणाले नवऱ्यासोबत आली ते स्वतःचा कॅमेरा घेऊन. भिंग किती मोठं? दीड इंची. बाकीचे लांबलचक दुर्बिणी घेऊन बसले होते. आन् तिच्या फोटोत प्रभामंडलाचा असा लांब झोत आला, का तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. दीड इंची भिंगात! मले हे वाचून लय बरं वाटलं.

खाडीपलीकडची

अरे वा, हे दोन्ही मला माहीत नव्हतं. विजयदुर्गाचं आणखी थोडं. लॉकियर त्याआधी १८९६ला नॉर्वेला गेला होता, तिथलं ग्रहण ढगांनी घालवलं. त्याआधी एकदा भारतात येऊन गेला होता, १२ डिसेंबर १८७१च्या ग्रहणाला, केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर. गंमत म्हणजे झान्सेनही त्याच ग्रहणाला निलगिरीत होता. म्हणजे हेलियमवाल्या साहेबाचे भारतातले दोन्ही तळ समुद्रकाठच्या किल्ल्यांवरच.

विजयदुर्गाला त्याच्यासोबत अल्फ्रेड फाउलर होता, लॉकियरचा मुलगा होता, आणि मदतीला 'मेलपोमीन' या आरमारी जहाजावरचे लोक. खग्रास जेमतेम दोन मिनिटांची. म्हणून आधी कित्येक दिवस तालीम चालायची. कोणी सेकंद मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, कोणी प्रभामंडलाची चित्रं काढायची. लग्नात अंतरपाट धरणारा, अक्षता वाटणारा, वाजंत्रीला खूण करणारा असे वाटून दिलेले असतात ना, अगदी तसं. ओटे दुर्बिणींच्या पायासाठी. लाकडी तिवई वाऱ्याने हलली तर फोटो गेला. तटावर वारा कसा असतो ते ज्यांनी तिथे टोपी धरून ठेवलीय त्यांनाच माहीत.

या वेळी शोधायचा होता तो हेलियम नव्हे. सूर्य झाकला जाण्याच्या आणि सुटण्याच्या क्षणी कडेचा जो पातळ थर काही सेकंद झळकतो, त्याचा वर्णपट फोटोवर घ्यायचा होता. तो घेताना हेलियमची रेषाही येणारच, जुनी ओळखीची म्हणून.

पेठेतला पोपट

एक प्रामाणिक शंका. गाईडची गोष्ट तीस वर्षांनी चुकली. चुकली तर चुकली. पोरं किल्ल्यावर जातात, सूर्याकडे बघतात (चष्मा लावून), विज्ञानाचं नाव निघतं. तुम्ही तारखा दुरुस्त करून नेमकं काय मिळवलंत? गावाचा अभिमान मात्र घालवलात.

खाडीपलीकडची

गावाला काय कमी आहे हो? खुद्द लॉकियर स्वतःच्या पायांनी चढून आला, ओटे बांधले, ते आजही आहेत. दुसऱ्या ग्रहणाची उसनी तारीख कशाला हवी? आणि भाच्याने दोन मिनिटांत मोबाईलवर खोटं पाडलं म्हटल्यावर उद्या तो खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही. गाईडच्या चेहऱ्याकडे बघून मला तेच वाटलं.

रसायनबाई

पृथ्वीवरच्या हेलियमची गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

१८९५. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्से आरगॉनच्या मागे होता. ब्रिटिश म्युझियमच्या हेन्री मायर्सने त्याला कळवलं की अमेरिकेत हिलब्रँड नावाच्या माणसाला युरेनियमच्या खनिजातून एक आळशी वायू मिळालाय. हिलब्रँड म्हणत होता नायट्रोजन. रॅम्सेने क्लिव्हाइट नावाचं खनिज आणवलं, आम्लात उकळलं, निघालेला वायू शुद्ध करून नळीत भरला आणि वीज सोडली. पिवळी रेषा! पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच, सोडियमने घाण केली. पण शेजारी सोडियमची रेषा ठेवली तर दोन्ही जुळेनात. नळी विल्यम क्रुक्सकडे गेली, त्याने मोजून कळवलं की ही डी-३. सत्तावीस वर्षं सूर्यावर दिसणारी वस्तू मार्च महिन्यात एका काचेच्या नळीत.

यात एक गाठ पडली. कार्ल रुंगेने प्रयोगशाळेतली रेषा बारकाईने बघितली तर ती एक नव्हे, दोन निघाली, एक ठळक नि तिला चिकटून एक फिकी. सूर्याची डी-३ तर सगळे एकच समजत होते. मग हे तेच द्रव्य कसं? पुन्हा दुर्बिणी सूर्याकडे वळल्या, आणखी बारकाईने पाहिलं, आणि सूर्याचीही रेषा दुहेरी निघाली. मला विचाराल तर शिक्का बसला तो इथे. गुंटूर नाही, विजयदुर्ग नाही, लंडनही पुरतं नाही.

आणि क्लिव्हाइट हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या स्वीडनच्या क्लिव्ह यांनीच लांगलेबरोबर त्याच वर्षी उप्सालात तो वायू वेगळा काढून त्याचं अणुभारमापन केलं. स्वतःच्या नावाच्या दगडात.

लॅबवाला

आमच्या कॉलेजात हेलियमची नळी होती. प्रॅक्टिकलला अंधाऱ्या खोलीत सर ती पेटवायचे. नुसत्या डोळ्यांनी फिकट गुलाबी-केशरी दिसते, पिकलेल्या पेरूच्या गराच्या आसपासचा रंग. स्पेक्ट्रोमीटरमधून बघितलं की मध्ये पिवळी रेषा खणखणीत उभी. सर म्हणायचे, रीडिंग घ्या, आणि व्हर्नियरवर माझं कधीच जमायचं नाही. मी शेजाऱ्याचं उतरवायचो. आज कळलं आपण काय उतरवत होतो.

घरी बघायचं असेल तर जुनी सीडी, बिस्किटाचा पुठ्ठ्याचा खोका आणि दोन ब्लेडमधली बारीक फट, एवढ्यावर होतं. ट्यूबलाइटकडे धरा, सुट्या रेषा दिसतात. पिवळा जुना रस्त्यावरचा दिवा मिळाला तर उत्तम, पण तेवढे आता एलईडीने संपवले. सूर्याकडे रोखू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कट्ट्यावरचा काका

झान्सेनबद्दल एक किस्सा. १८७०ला प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता आणि डिसेंबरात अल्जीरियात ग्रहण होतं. हा गडी, लहानपणापासून पायाने अधू, २ डिसेंबरला बलूनमध्ये बसून वेढ्यावरून उडून गेला. यंत्रं सोबत. ओरानला पोचला. ग्रहणाच्या दिवशी ढग.

आणि ते बलून अर्थातच हेलियमचं नव्हतं, कोळशाच्या वायूचं होतं. हेलियम तेव्हा फक्त सूर्यावर मिळत होता.

अर्धी भाकर

काका, हा किस्सा ऐकून चहा सांडला.

रॅम्सेवरून आठवलं, हाच माणूस १९००ला जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेसाठी जागा बघायला भारतात आला होता आणि बंगळूरची शिफारस करून गेला. त्याचा सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स तिथला पहिला संचालक.

देवगडचो हापूस

गेले चार दिस मी गप बसान वाचतंय. काल आजयेक इचारलंय. तिका हेलियम-बिलियम काय म्हायत नाय. पन ती म्हणाली, "ऑगस्टात? पावसात खाडीत होडी घालूक आमचो माणूस धजत नाय, साहेबाची बोट खयसून येतली? नि येवन बघतलो काय, ढग?" म्हंजे दोन सालां पुस्तकात बघूची गरजच नाय होती. आमच्या मास्तरांका ह्या कसा सुचूक नाय, काय म्हायत. माका पन सुचूक नाय.

धागाकर्ती बाई, गाईडाक राग इल्लो नाय. तो माझो चुलतभाव. त्याका मी ह्यो धागो वाचून दाखवलंय. आता तो १८९८ सांगता, वर 'मेलपोमीन' जहाजाचा नाव पन सांगता. फक्त झान्सेन म्हणताना त्याची जीब अडाकता.

खाडीपलीकडची

काय सांगता! त्याला माझ्याकडून आणि भाच्याकडून सॉरी सांगा. भाचा आता सीडीचा खोका करायला बसलाय, आईच्या लग्नाची सीडी कापून.

जेऊर जंक्शन

२२ जानेवारीला ओट्यांवर जमायचं का? जेऊरहून मी येतो. वऱ्हाडी ठेचा, तुम्ही तळणीहून निघा, म्हणजे पट्टा उलटा पूर्ण होईल.

वऱ्हाडी ठेचा

निघालोच समजा. पन मासे खात नाही मी, आधीच सांगून ठेवतो.

देवगडचो हापूस

येवा. एस्टी तळेऱ्यापर्यंत सगळी मिळतली, पडेल कॅन्टीनार गाडी बदलूची लागात तर थयसून माका फोन करा. वाऱ्याक टोपी बांदून ठेवा. ठेच्यासाठी घावने-चटणी करूक आजयेक सांगलंय.